शालिग्राम वराडे यांची कोरडी बैठक

मलकापूरच्या बाजारपेठेत शालिग्राम वराडे याला ओळखत नाही असा दुकानदार नव्हता, आणि तो आपल्या दारात यावा असे वाटणारे गिऱ्हाईक नव्हते. तो तगादेदार होता. दुकानदारांची थकलेली उधारी वसूल करून आणायची आणि त्यातला ठरलेला हिस्सा घ्यायचा, हा त्याचा धंदा. शेतकऱ्यांकडे तो जात नसे. तिकडे सावकारांची आपली माणसे असत. शालिग्रामच्या वाट्याला यायचे ते ठेकेदार, दलाल, जिनिंगमधले मॅनेजर आणि मुलीच्या लग्नात ऐपतीपेक्षा भारी शालू नेलेले पाटील. म्हणजे ज्यांच्याजवळ पैसे असत, पण द्यायची घाई नसे, अशी मंडळी.

उंच, वाळलेला बांधा, डोक्यावर पांढरी टोपी, काखेत काळी छत्री आणि खांद्यावर घडी घातलेली घोंगडी. आवाज इतका बारीक की, समोरच्याला कान पुढे करावा लागे. घोंगडी दिसली की घरातले लोक समजून जात. ती अंथरण्यासाठी होती.

त्याचे वडील कापूसबाजारात मापारी होते. मराठी चौथी झाल्यावर शालिग्रामही काट्यावर उभा राहू लागला. पंचविशीत असताना एका कापडवाल्याने त्याला नांदुऱ्याच्या एका दलालाकडे उधारी मागायला पाठवले. शालिग्राम मुळात बुजरा. दलाल घरी नव्हता. बायकांशी काय बोलावे ते सुचेना, म्हणून तो ओट्यावर बसला. आतून पाणी आले, तेही संकोचाने नको म्हणाला. दलाल परत आला, त्याच्याशीही धड बोलता येईना. नुसता बसून राहिला. उन्हे कलायच्या आत दलालाने पैसे आणून त्याच्या पुढ्यात ठेवले.

“घे बाप्पा, अन् ऊठ,” तो म्हणाला. “घरातले समदे उपाशी हायेत.”

त्यांच्या उपाशी असण्याशी आपला काय संबंध, हे शालिग्रामला त्या दिवशी कळले नाही. बाजारातल्या जुन्या तगादेदारांनी ते समजावून सांगितले. दारात माणूस पाण्यावाचून बसला असेल तर घरात पान वाढायचे नाही, असा तिकडच्या घरंदाज लोकांचा रिवाज होता. आलेला माणूस पाणी प्याला की घर मोकळे. म्हणून धंद्यातले जुने लोक पाणी घेत नसत. याला ते कोरडी बैठक म्हणत. पुढे बहुतेकांनी ती सोडली, कारण वैशाखात दिवसभर तहान मारून बसण्यापेक्षा चौकात उभे राहून चार शिव्या देणे सोपे पडे.

शालिग्रामला ते सोपे पडले नसते. त्याने बैठकच धरली आणि तिचे स्वतःचे नियम केले. ओट्याच्या कडेला बसायचे, बायकांची ये-जा अडवायची नाही. पैशाचा शब्द काढायचा नाही. शेजाऱ्याने विचारले तर ‘सहज भेटायला आलो’ म्हणायचे. घरात आजारी माणूस, बाळंतीण किंवा सुतक असेल तर दारावरून परत फिरायचे. सणाला जायचे नाही. दिवेलागण झाली की रामराम करून उठायचे आणि पाणी वाटेतल्या पहिल्या विहिरीवर प्यायचे. या नियमांचा त्याला अभिमान होता. आपला धंदा लोक हलका समजतात, पण आपण तो हलकेपणाने करत नाही, असे तो म्हणे.

त्याच्या जोडीचा दुसरा नावाजलेला तगादेदार इंद्रभान. त्याची पद्धत उलटी. बाजाराच्या दिवशी भर गर्दीत तो कर्जदाराचे नाव, बापाचे नाव आणि उधारीवर नेलेल्या मालाचे वर्णन मोठ्याने पुकारी. स्टेशनसमोरच्या चहाच्या दुकानात दोघांची गाठ पडे, आणि इंद्रभान त्याला डिवचल्याशिवाय राहत नसे.

“शालिग्रामभाऊ, तू बसतं अन् मी बोंबलतो. पैसा तं सारखाच येते ना?”

“येते. पन तुले पाहून लोक थुकतात.”

“अन् तुले पाहून?”

“मले रामराम करतात.”

“भेवानं करतात बे!” इंद्रभान म्हणे आणि दोघांच्या चहाचे पैसे शालिग्रामच्या नावावर मांडायला सांगे.

एका उन्हाळ्यात मोतीराम नावाचा तगादेदार मोताळ्याहून परत येताना रस्त्यात उन्हाने कोसळला आणि तिथेच गेला. तोही कोरडी बैठक करणारा होता. त्याच्या बायकोसाठी बाजारात वर्गणी जमली, आणि वर्गणी जमवणारे एकत्र आले तेच पुढे एकत्र राहिले. ‘मलकापूर वसुली कारकून संघ’ असे नाव ठरले. अध्यक्ष झाले अर्जुनराव. त्यांचे लाकूड आणि टिनपत्र्यांचे दुकान होते आणि बरीचशी वसुली त्यांचीच असे. चिटणीस झाले लक्ष्मीकांतपंत. ते एका वकिलाकडे आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झालेले. अर्ज, निवेदन, अहवाल असे काही लिहायला मिळाले की त्यांची तब्येत सुधारे.

संघाचे पहिले काम म्हणजे बुलढाण्याच्या सडकेवर रोहिणखेडकडे वाट फुटते त्या फाट्यावर, लिंबाखाली ठेवलेला पाण्याचा रांजण. मोतीराम तिथून जवळच पडला होता. रांजण ठेवला तो तगादेदारांसाठी. कर्जदाराच्या घरी पाणी घ्यायचे नाही, मग ते रस्त्यावर कुठेतरी मिळाले पाहिजे, एवढाच हिशेब. पण रांजणावर नाव लिहिलेले नव्हते. गाडीवान थांबू लागले, बाजाराला जाणाऱ्या बाया थांबू लागल्या, पुढे सर्व्हिस मोटारवालाही घाट चढण्याआधी मोटारीला आणि उतारूंना पाणी पाजायला थांबू लागला. तेव्हा संघाने तिथे छप्पर घातले, पाणी द्यायला एक म्हातारा ठेवला, आणि आणखी दोन ठिकाणी रांजण मांडले. हिवतापाच्या दिवसांत क्विनाइनच्या गोळ्या वाटल्या. शाळेतल्या पोरांना पाट्या दिल्या. लक्ष्मीकांतपंतांच्या अहवालात ‘संघाचे लोकोपयोगी कार्य’ असे एक प्रकरण दरवर्षी येऊ लागले आणि दरवर्षी ते वाढत गेले.

फाट्यावर त्या काळात घर नव्हते. ते वामनरावांनी बांधले. वामनराव रोहिणखेडचे जमीनदार. सडकेला खडी पुरवायचा ठेका मिळाल्यावर त्यांनी खदानीजवळ म्हणून फाट्यावर, पाणपोईच्या बरोबर समोर, पक्के घर उठवले. लाकूड आणि पत्रे अर्जुनरावांच्या दुकानातून उधार आले. घर पुरे झाले, वास्तुशांत झाली, ठेक्याचे बिलही सरकारातून निघाले. अर्जुनरावांचे पैसे राहिले ते राहिले.

शालिग्राम तिथे दोनदा बैठकीला गेला. वामनराव हुशार माणूस. दुपार झाली की मागच्या दाराने निघून रोहिणखेडला भावाकडे जेवून येत आणि सुपारी कातरत शालिग्रामसमोर ओट्यावर बसत. त्यांच्या पत्नी शालूबाई मात्र जुन्या घरच्या. त्या चूल पेटवीत नसत. पहिल्या वेळी त्यांनी पाणी आणून ठेवले, शालिग्रामने हात जोडून नको म्हटले. दुसऱ्या वेळी त्यांनी पाणी आणलेच नाही. दाराच्या आत जात्याजवळ दिवसभर बसून राहिल्या. दोन्ही वेळा शालिग्राम दिवेलागणीला रिकाम्या हाताने उठला. हे घर वेळ घेईल, असे त्याने अर्जुनरावांना सांगितले.

मग प्रांतात नवे मंत्रिमंडळ आले, आणि नागपूरच्या कायदेमंडळापुढे तगाद्याविषयी एक बिल आल्याची बातमी आली. लक्ष्मीकांतपंतांनी बिलाची छापील प्रत मिळवली. अर्जुनरावांच्या दुकानात, पत्र्यांच्या थप्प्यांमध्ये सतरंजी टाकून संघाची सभा भरली.

“कर्जदाराला शिवीगाळ करणे, धमकी देणे, अंगाला हात लावणे, चारचौघांत नाव घेऊन पुकारा करणे,” लक्ष्मीकांतपंतांनी वाचले. “यापैकी काहीही केल्यास कैद, दंड किंवा दोन्ही.”

“मंजे मी गेलो,” इंद्रभान म्हणाला. सगळे हसले.

शालिग्राम हसला नाही. “बसन्याचं काय लिवलं त्यात?”

“बसण्याचं काहीच लिहिलेलं नाही.”

“काहीच नाई मंजे? बसाचं का नाई बसाचं?”

“नाही म्हटलेलं नाही, म्हणजे बसायला हरकत नाही.”

“तोंडी झालं ते,” शालिग्राम म्हणाला. “उद्या दुसरा साहेब येईन, तो म्हनंन बसता येत नाई. मंग आपन काय दाखवाचं त्याले? लिवून घ्या.”

सभेतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. या लोकांचे सगळे आयुष्य तोंडी कबुलीमुळे बुडालेली उधारी पाहण्यात गेले होते. लिहून दिलेले नाही ते नाहीच, हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा. कायद्याचे मौन त्यांना सही न केलेल्या चिठ्ठीसारखे वाटले.

एकटे अर्जुनराव नाखूश होते. “त्याइनं इचारलंच नाई, ते आपन काऊन सांगाव?”

“कारण आपलं सभ्य लोकांचं मंडळ आहे, हे सरकारला कळलं पाहिजे,” लक्ष्मीकांतपंत म्हणाले. त्यांच्या डोक्यात निवेदन तयार होऊ लागले होते.

निवेदन छापले गेले. बिलात एक स्पष्टीकरण घालावे, अशी संघाची मागणी होती: शांतपणे व सभ्यतेने दारात बसून वाट पाहणे हा त्रास समजू नये. सोबत पाणपोया, क्विनाइन आणि पाट्यांची हकीकत जोडली. लक्ष्मीकांतपंत दोनदा नागपूरला जाऊन आले. आमदारांच्या बिऱ्हाडी तासन् तास बसले. वसुली कारकुनाला तिथे पाणी आणि चहा दोन्ही मिळाले, असे ते परत आल्यावर मोठ्या समाधानाने सांगत. बिल एका समितीकडे गेले होते. ती समिती जिल्ह्याजिल्ह्यांतून साक्षी घेणार होती. बुलढाण्याला संघाचाही एक साक्षीदार बोलावला गेला.

कोणाला पाठवायचे याची चर्चा झालीच नाही. इंद्रभानला पाठवणे शक्य नव्हते. शालिग्रामने कोट शिवून घेतला.

त्याची बायको तानुबाई हिने त्या कोटाकडे पाहून विचारले, “साक्ष देन्यासाठी कोट कायले? उन्हाळ्यात?”

“साहेबलोक हायेत.”

“तुमी काय सांगनार त्याइले?”

“खरं तेच. मी कसा बसतो ते.”

“इतके वर्षं मले नाई सांगतलं तुमी, कसे बसता ते,” तानुबाई म्हणाली. ती भाकरी थापत होती, त्यामुळे बोलणे तिथेच राहिले.

साक्षीच्या दिवशी समितीची मोटार मलकापूर स्टेशनावरून बुलढाण्याला निघाली. फाट्यावर ती थांबणार हे लक्ष्मीकांतपंतांनी ड्रायव्हरशी आधीच ठरवून ठेवले होते. पाणपोईला चुना लावलेला, रांजणांना ओले फडके गुंडाळलेले, संघाच्या नावाची पाटी नवी. सभासद उतरले, पाणी प्याले, वाळ्याचा वास आवडल्याचे बोलले आणि घाट चढून गेले. मागच्या सर्व्हिस मोटारीत लक्ष्मीकांतपंत शालिग्रामला म्हणाले, “निम्मं काम झालं.”

बुलढाण्यात कचेरीजवळच्या एका दिवाणखान्यात समिती बसली होती. मध्ये अध्यक्ष, दोन्हीकडे सभासद. दोघे महाकोशलातले असल्याने त्यांना हिंदीत समजावून द्यावे लागे. एका टोकाला एक बाई सभासद होत्या, पांढऱ्या खादीत. शालिग्रामला खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

“येताना आम्ही तुमच्या पाणपोईवर पाणी प्यालो,” अध्यक्ष प्रसन्नपणे म्हणाले. “चांगले काम करता. ही कल्पना कोणाची?”

“कल्पना कोनाची नाई साहेब. आमच्या मानसाईले रस्त्यावर पानी पाह्यजे होतं.”

“रस्त्यावर का? ज्यांच्याकडे जाता त्यांच्या घरी मिळत नाही?”

“मिळते. आमी घेत नाई.”

लक्ष्मीकांतपंत मागे बसले होते. ते खाकरले. शालिग्रामला वाटले त्यांना ठसका लागला.

“का घेत नाही?” बाईंनी विचारले.

रीत आहे एवढे म्हणून तो थांबू शकला असता. पण त्याच्या कामाविषयी इतक्या आदराने कोणी कधी विचारले नव्हते. तो खुर्चीवर नीट मागे सरकून बसला.

“पानी घेतलं तं घरचे जेवतात, बाई.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तं नाई जेवत. त्यालेच बैठक म्हंतात. शिवी नाई, ओरडनं नाई. मी तं पैशाचं नावबी काहाडत नाई.”

“कोण जेवत नाही? कर्जदार?”

“चांगला असला तं तोबी नाई जेवत. नाई तं मागच्या दारानं जाते, सोयऱ्याकडं जेवून येते. बाईमानूस राह्यते.”

“मुलं?”

“पोराईले शेजारचे देतात. तेवढं चालते.”

“म्हणजे कर्ज त्याचं, आणि उपाशी ती.”

“तिचं पाहूनच तं तो पैसे काहाडते, बाई,” शालिग्राम म्हणाला. शिकाऊ माणसाला समजावून सांगावे तसा त्याचा स्वर होता. “एकदोन घरं हायेत, धन्याले बायकोचं काई वाटत नाई. तिथं वेळ लागते.”

दुभाष्याने ते हिंदीत सांगितले.

“तुम्हाला काही वाटत नाही?” बाई म्हणाल्या.

“मीबी उपाशीच राह्यतो ना,” शालिग्राम म्हणाला. “अन् पान्यावाचूनबी.”

अध्यक्षांनी आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारले. शालिग्राम उठून उभा राहिला. “एवढंच लिवा साहेब, आजपावतर मी कोन्या कर्जदाराले ‘अरे’ म्हनून बोललो नाई.” बाईंनी तेही लिहून घेतले.

परतीच्या मोटारीत शालिग्राम खुशीत होता. साक्ष चांगली झाली असे त्याला वाटत होते.

“बाईनं एकन् एक गोष्ट लिवून घेतली,” तो म्हणाला.

“घेतली खरी,” लक्ष्मीकांतपंत म्हणाले.

घरी त्याने तानुबाईला सगळी साक्ष ऐकवली. प्रश्न एका आवाजात, उत्तरे दुसऱ्या. तिने ऐकून घेतले.

“तिथली बाई उपाशी राह्यते, हे तुमाले मालूम होतं?”

“मालूम नसतं तं बसलो कायले असतो?”

तानुबाईने त्याचे ताट वाढले. स्वतःचे वाढले नाही. भूक नाही म्हणाली. शालिग्राम थोडा वेळ ताटासमोर बसला आणि मग जेवला.

पावसाळा संपता संपता कायदा झाला. वर्तमानपत्र अर्जुनरावांच्या दुकानात वाचले गेले. शिवीगाळ, धमकी, पुकारा ही कलमे जशीच्या तशी होती. त्यांच्याखाली एक नवे कलम आले होते: वसुलीच्या उद्देशाने कर्जदाराच्या दारात किंवा घराच्या आसपास बसून राहणे. शिक्षा तीच. संघाने मागितलेल्या वाक्यातले ‘दारात बसून’ हे दोन शब्द तेवढे शिल्लक राहिले होते.

“घे,” इंद्रभान म्हणाला. “लिवून पाह्यजे होतं ना तुले? आलं लिवून.”

लक्ष्मीकांतपंतांनी कायदेमंडळाकडे दुसरे निवेदन पाठवण्याची सूचना मांडली. तिला कोणी अनुमोदन दिले नाही.

इंद्रभान वर्षभरात सावरला. वकिलांशी संधान बांधून दाव्यांची कागदपत्रे गोळा करणे, साक्षीदार हजर ठेवणे, अशी कामे तो घेऊ लागला. त्याला मोठ्या आवाजाचा तिथेही उपयोग झाला. शालिग्रामला ते जमण्यासारखे नव्हते. त्याने दोन दुकानदारांची पत्रे नेऊन देऊन पाहिली. लोक पत्र घेत, त्याला पाणी विचारीत, तो नको म्हणून उभ्या उभ्याच परत येई. पत्राला उत्तर येत नसे. पुन्हा काट्यावर उभे राहावे तर त्या जागी आता दुसरे होते, आणि त्याची पन्नाशी उलटली होती. शेवटी फाट्यावरचा म्हातारा थकला तेव्हा अर्जुनरावांनी ती जागा त्याला दिली. महिना पगार ठरला. शालिग्रामजवळ दुसरे काही नव्हते. ही नोकरी टिकवणे भाग होते.

पहिल्या दिवशी तो उजाडताच गेला. रांजण भरून घेतले, लिंबाखाली घोंगडी अंथरली, छत्री शेजारी ठेवली आणि बसला. तोंड सडकेकडे होते. सडकेच्या पलीकडे वामनरावांचे घर. सकाळभर त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी दिले. स्वतः प्याला नाही. सवयीने की मुद्दाम, हे त्याने नंतरही कधी कोणाला सांगितले नाही.

दुपारी वामनराव खदानीवरून घरी आले. चूल थंड होती.

“सैपाक?”

“समोर पाहा,” शालूबाई म्हणाल्या.

“पाह्यलं. पानी वाटून राह्यला तो. नोकरी लागली त्याची तिथं.”

“वाटून राह्यला. पेऊन नाई राह्यला. मी सकाळपासून पाहून राह्यले.”

“अवं, कायदा झाला आता!”

“तो मानूस पान्यावाचून बसला हाये,” शालूबाई म्हणाल्या. “कायद्यानं त्याची तहान गेली काय?”

आधीच्या दोन्ही वेळी वामनराव भावाकडे जेवायला गेले होते. या वेळी आपल्या बाजूने कायदा असताना उन्हात रोहिणखेडपर्यंत का जावे, असे त्यांना वाटले. ते सडक ओलांडून गेले.

“शालिग्रामबुवा, कायदा मालूम हाये ना?”

“हाव. मालूम हाये.”

“मंग?”

“मी तुमच्याकडं आलो नाई वामनराव. संघाच्या नोकरीवर हावो.”

“मंग पानी काऊन पेत नाई?”

“तहान नाई.”

“लेकाच्या,” वामनराव म्हणाले, “वैशाखात?”

त्यांनी खदानीवरचा मुकादम सायकलवर ठाण्यात पाठवला. उन्हे उतरू लागली तेव्हा हवालदार आला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तोवर दोन-तीन बैलगाड्या आणि एक सर्व्हिस मोटार थांबली होती, आणि उतारू तमाशा पाहायला सावलीत उभे होते. हवालदाराने आधी दोन गडवे पाणी पिऊन घेतले. मग तोंड पुसून त्याने तक्रार ऐकली.

“घराच्या आसपास बसून राहनं,” वामनराव म्हणाले. “कलमच हाये तसं.”

“पानपोई घराच्या आंधी होती साहेब,” शालिग्राम म्हणाला. “घर मांगून आलं.”

“अन् घराचे पत्रे कोनाचे ते इचारा!” गाडीवानांतून कोणीतरी ओरडले. हशा पिकला. वामनरावांनी तिकडे पाहिले नाही.

हवालदाराने लिंबाकडे पाहिले, घोंगडीकडे पाहिले, सडकेपलीकडच्या घराकडे पाहिले. कायदा नवा होता. त्याने त्याखाली एकही गुन्हा अजून लिहिला नव्हता.

“पाहा बुवा,” तो म्हणाला. “मले वर रिपोट देनं हाये. मानूस पानपोईवर बसला हाये का बैठकीले, एवढंच मले लिवाचं हाये. तुमी पानी प्या. प्याले तं पानपोई. नाई प्याले तं चला ठान्यात.”

शालिग्रामने सडकेपलीकडे पाहिले. समोर घराच्या दारात शालूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. कर्जदाराच्या घरासमोर आजवर त्याने घोट घेतला नव्हता, मोतीराम गेला त्या उन्हाळ्यातही नाही. ठाण्यात गेला तर पाणपोईची नोकरी जाणार, आणि संघाचे नावही.

तो उठला. गडवा रांजणात बुडवला, भरून वर काढला आणि उभ्याने, न थांबता, सगळा पिऊन टाकला. मग आणखी एक प्याला. दिवसभराची तहान होती.

“पानपोई,” हवालदार म्हणाला आणि सायकलवर बसला.

गाड्या हलल्या. वामनराव घराकडे वळले. ते ओट्यावर चढेपर्यंत शालूबाई दारातून आत गेल्या होत्या, आणि थोड्याच वेळात त्या पत्र्यांवरून धूर निघताना सडकेवरून दिसला.

अर्जुनरावांनी पुढे वामनरावांवर दावा लावला. तो बरीच वर्षे चालला आणि शेवटी निम्म्यावर तडजोड झाली. कागदपत्रांचे काम इंद्रभानने पाहिले. संघ कायद्यानंतर हळूहळू मोडला, पण पाणपोया अर्जुनरावांनी चालू ठेवल्या. शालिग्राम अखेरपर्यंत फाट्यावर होता.

तिथला त्याचा दिवस ठरलेला असे. उजाडता रांजण भरायचे, घोंगडी अंथरायची, आणि कोणालाही पाणी देण्याआधी सडकेच्या कडेला जाऊन घराकडे तोंड करून उभे राहायचे. गडवा तो हात उंच करून तोंडाला लावी, पलीकडून नीट दिसावा असा. शालूबाई तोपर्यंत दारात असत. त्याने गडवा खाली ठेवला की त्या आत जात.